आकाशातल्या ‘गूढ’ दिव्यांची वेळ छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर ‘आकाशात गूढ दिव्यांची माळ, गावकऱ्यांत घबराट’ अशी तीन कॉलमी बातमी आली. बातमीत सरपंचांची प्रतिक्रिया होती, दोन शाळकरी मुलांची होती, मोबाइलवर काढलेला अंधुक फोटो होता, तबकडीची शंका होती आणि ‘प्रशासनाने खुलासा करावा’ ही मागणीही होती. नव्हती ती फक्त वेळ. ‘सायंकाळच्या सुमारास’ एवढ्यावर भागवलं होतं. सायंकाळ चांगली दोन तासांची असते, आणि तेवढ्यात आमच्या नागभीडच्या आकाशातून नुसत्या डोळ्यांना दिसणारे उपग्रह कितीतरी निघून जातात. वेळ छापली असती तर खुलाशासाठी प्रशासन लागलं नसतं. एखाद्या वाचकाने तो चहा पितापिता केला असता.

मी रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं गोंदिया-बल्लारशा मार्गावर गेली. आमच्याकडे प्रत्येक गाडीची वेळ रजिस्टरमध्ये मिनिटाला मिनिट लिहायची, आणि रोज दुपारी चार वाजता कंट्रोलकडून टाइम सिग्नल आला की स्टेशनचं घड्याळ त्याच्याशी जुळवायचं. निवृत्तीनंतर ही सवय सुटली नाही, फक्त नजर रुळांवरून वर गेली. आता संध्याकाळी गच्चीवर दहा बाय पन्नासची दुर्बीण, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि एक लांबट वही घेऊन बसतो. (धानाच्या बांधीवर जाऊन आकाश पाहा, तिथे अंधार चांगला असतो, असं मी आमच्या भागात कुणालाही सांगणार नाही. ब्रह्मपुरीच्या जंगलातल्या वाघालाही अंधार आवडतो.)

बातमीतली माळ मीही पाहिली. वहीत नोंद आहे: पहिला ठिपका ६ वाजून ५१ मिनिटं १० सेकंदांनी वायव्येला, मावळतीकडे झुकलेल्या हंस ताऱ्याच्या जरा वर. मग त्याच वाटेने दुसरा, तिसरा, असे वीस-बावीस. माळ डोक्यावर अश्विनी नक्षत्रापर्यंत आली, आग्नेयेकडे थोडी सरकली आणि एका ठरावीक जागी पोहोचला की एकेक ठिपका विझत गेला. आपल्या बातमीत याला ‘अचानक अदृश्य झाले’ असं म्हटलं आहे, आणि लोक घाबरले ते मुख्यतः त्यामुळेच. दोन दिवस आधी अमेरिकेतून स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांचं उड्डाण झालं होतं. त्यांच्या कक्षेचे आकडे ‘सेलेस्ट्रॅक’ या संकेतस्थळावर आलेले होते. त्यावरून नागभीडसाठी वेळ काढली, तर माझ्या वहीतल्या वेळेशी काही सेकंदांच्या फरकाने जुळली. दिशाही तीच. प्रकरण संपलं.

स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह २४ मे २०१९ ला एकदम सोडले गेले. नंतरचे उपग्रह वजनाने मोठे होत गेले, म्हणून आता एका उड्डाणात ते वीस-पंचवीसच्या आसपास असतात. सुरुवातीला ते सुमारे तीनशे किलोमीटरवर, एकमेकांच्या मागे चिकटून फिरतात. मग स्वतःच्या इंजिनाने हळूहळू वर चढतात आणि पांगतात. म्हणून माळ दिसते ती उड्डाणानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच. नंतर तेच उपग्रह सुटेसुटे आणि मंद दिसतात, त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही.

आता ते विझणं. उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. तो दिसतो कारण आपल्याकडे सूर्य मावळला तरी तीनशे-पाचशे किलोमीटर उंचीवर ऊन असतं. पृथ्वीची सावली पूर्वेकडून वर चढत येते आणि उपग्रह तिच्यात शिरला की विझतो. आमच्या अक्षांशावर तीनशे किलोमीटर उंचीचा उपग्रह सूर्यास्तानंतर साधारण सव्वा तासाने डोक्यावर असतानाच सावलीत जातो, पाचशे किलोमीटरचा दीड तासाने. त्यामुळे विझण्याची वेळ आणि जागा नीट टिपली तर तो किती उंचीवर होता याचा अंदाज गच्चीवर बसूनच करता येतो. माझ्या मते हौशी माणसाच्या हातात असलेलं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित साधन आहे. सूर्यास्तानंतर तीन-चार तासांनी एखादा दिवा आमच्या डोक्यावरून मंद चालत गेला, तर तो खालच्या कक्षेतला उपग्रह नव्हे एवढं तर पंचांगातली सूर्यास्ताची वेळ बघून कुणीही सांगेल.

पहाटेही हाच प्रकार उलट्या क्रमाने होतो, उपग्रह सावलीतून बाहेर येतो आणि आकाशाच्या मधोमध एकदम पेटतो. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, हिवाळ्यात रात्रभर नाटकं चालतात. पहाटे नाटक सुटल्यावर घरी परतणाऱ्या मंडळींकडून मला जितक्या ‘एकदम दिवा लागला’ च्या हकिकती मिळाल्या, तितक्या कुठल्या खगोल मंडळाला मिळत नसतील. वेळ मात्र त्यांनाही आठवत नाही. नाटकाचा कोणता अंक होता ते आठवतं.

खरी गंमत नव्या उपग्रहांत आहे, आणि आपली वर्तमानपत्रं तिथेच हात राखतात. उड्डाण झालं, शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या, पंतप्रधानांनी अभिनंदन केलं, इथे बातमी संपते. वरती मात्र त्या वेळी ओळखीची पंचाईत सुरू झालेली असते. अमेरिकी रडारना उड्डाणानंतर काही वस्तू दिसतात: उपग्रह, रॉकेटचा शेवटचा टप्पा, कधी झाकणं आणि जोडकडी. त्यांना वर्ष, त्या वर्षातल्या उड्डाणाचा क्रमांक आणि एक इंग्रजी अक्षर मिळतं, आणि नावाच्या जागी नुसतं ‘ऑब्जेक्ट ए’, ‘ऑब्जेक्ट बी’ असं लिहिलेलं असतं. कोणतं अक्षर कोणाचं, हे ठरायला कधी दिवस जातात, कधी आठवडे. १५ फेब्रुवारी २०१७ ला आपल्या पीएसएलव्ही-सी३७ रॉकेटने एका खेपेत १०४ उपग्रह सोडले. त्या गर्दीत कोण कोण आहे हे लावत बसायचं काम किती जिकिरीचं, याची कल्पना करा. आय आणि ओ ही अक्षरं तर वापरतच नाहीत, एक आणि शून्याशी घोळ नको म्हणून. झेड संपला की एए, एबी अशी पुढची रांग.

एकेका किलोचे छोटे उपग्रह डोळ्यांना दिसत नाहीत. ते ऐकून ओळखतात. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तो या जातीचा. हॅम रेडिओवाले, म्हणजे हौसेने बिनतारी संच चालवणारे, अशा उपग्रहाचा बारीक संदेश पकडतात. उपग्रह जवळ येताना त्याचा सूर चढा लागतो, दूर जाताना उतरतो, आणि ४३७ मेगाहर्ट्झवर हा फरक दोन्ही बाजूंना दहा किलोहर्ट्झपर्यंत जातो. सूर चढ्याचा उतरता नेमका कोणत्या सेकंदाला झाला ते टिपलं की ‘ऑब्जेक्ट एफ’ की ‘ऑब्जेक्ट जी’ हा वाद मिटतो. म्हणजे तिथेही अखेर घड्याळच.

एक जुना दाखला. उपग्रहांच्या जागतिक यादीत क्रमांक एकवर स्पुटनिक असेल असं सगळ्यांना वाटतं. तो क्रमांक दोनवर आहे. क्रमांक एक त्याला वर नेणाऱ्या रॉकेटच्या सांगाड्याचा. ऑक्टोबर १९५७ मध्ये जगभर लोकांनी नुसत्या डोळ्यांनी ‘स्पुटनिक’ म्हणून जो ठिपका पाहिला, तो बहुतेकांच्या बाबतीत हा सांगाडाच होता. ५८ सेंटिमीटरचा तो गोळा स्वतः फारच मंद होता. उड्डाणानंतरच्या रात्रीही आज हीच गोष्ट होते: ठळक दिसतं ते बऱ्याचदा रॉकेट, उपग्रह नव्हे. मोकाट सुटलेलं रॉकेट कोलांट्या खात जातं, त्यामुळे ते ठरावीक अंतराने उजळतं आणि मंदावतं. दोन उजळण्यांमधले सेकंद मोजले तर तीही त्याची खूण ठरते.

ज्याचे आकडे अजून कुणी प्रसिद्धच केलेले नाहीत तो उपग्रह कुठे बघायचा, असा प्रश्न येईल. याची रीत सोपी आहे, फक्त डोकं शांत हवं. त्याच तळावरून त्याच कलाने (कल म्हणजे कक्षेचा विषुववृत्ताशी होणारा कोन) झालेलं आधीचं उड्डाण घ्यायचं आणि त्याची कक्षा नव्या उड्डाणाच्या वेळेनुसार आकाशात फिरवायची. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, म्हणून तारे जमेस धरून एक तास उशिरा सुटलेल्या रॉकेटची कक्षाही पंधरा अंश पुढे पडते. सुटण्याची वेळ मिनिटापर्यंत माहीत असेल तर पहिल्याच रात्री कुठे बघायचं ते निघतं. नेदरलँड्समधल्या लायडनचे उपग्रह-निरीक्षक मार्को लांगब्रुक यांनी २०१९ मध्ये स्टारलिंकच्या पहिल्या साठांसाठी असंच स्वतः गणित मांडलं, आणि उड्डाणाला एक दिवस पूर्ण व्हायच्या आत ती आख्खी माळ कॅमेऱ्यात धरली. हे गृहस्थ शिक्षणाने पुरातत्त्वाचे.

तरीही नव्या वस्तूचं वेळापत्रक दोन दिवसांत शिळं होतं, आणि याचं कारण रेल्वेच्या माणसाला चक्रावून टाकणारं आहे. वरच्या विरळ हवेशी घासून उपग्रह खाली उतरला तर तो लेट होत नाही, बिफोर टाइम येतो. कारण कक्षा लहान झाली की फेरी लवकर पुरी होते. उलट इंजिन चालवून वर चढणारा उपग्रह लेट होत जातो. म्हणून वर चढणारी स्टारलिंकची माळ जुन्या आकड्यांवर वाट पाहणाऱ्याला उशिरा भेटते, आणि सोडून दिलेलं रॉकेट भेटतच नाही, ते आधीच निघून गेलेलं असतं. ३० डिसेंबर २०२४ च्या रात्री दहाला श्रीहरिकोट्याहून गेलेल्या पीएसएलव्ही-सी६० ने स्पेडेक्स ही अंतराळात एकमेकांना जोडायच्या दोन उपग्रहांची जोडी ४७५ किलोमीटरवर सोडली आणि स्वतःचा चौथा टप्पा ‘पोएम-४’ म्हणून ३५० किलोमीटरवर उतरवला. स्पेडेक्सची जोडणी १६ जानेवारी २०२५ ला झाली, त्याचं कौतुक सर्वांनी छापलं. पोएम-४ कडे कुणाचं लक्ष नव्हतं. ते खाली-खाली येत एप्रिलमध्ये हिंदी महासागरावर जळालं. त्याआधीच्या महिन्यांत दुर्बिणीतून ते गाठायचं तर रोज ताजे आकडे घेऊन बसावं लागे.

सेकंदाचा इतका आग्रह कशाला, असं माझा नातूही विचारतो. पाचशे किलोमीटरवरचा उपग्रह डोक्यावर असताना एका सेकंदात जवळजवळ एक अंश सरकतो, म्हणजे पूर्णचंद्राच्या दोन बिंबांएवढा. सप्तर्षींमधले क्रतू आणि पुलह एकमेकांपासून साडेपाच अंशांच्या आसपास आहेत. एवढं अंतर तो सहा-सात सेकंदांत तोडतो. हौशी निरीक्षकाची खरी नोंद अशी असते: उपग्रहाने या दोन ताऱ्यांमधली रेषा अमुक सेकंदाला ओलांडली, क्रतूपासून एक तृतीयांश अंतरावर. अशा चार नोंदी चार गावांतून आल्या तर कक्षा बांधता येते. मिनिटाच्या नोंदीवर यातलं काहीच होत नाही.

आता लाडबोरी. आमच्या शेजारच्या सिंदेवाही तालुक्यातलं हे गाव २ एप्रिल २०२२ पर्यंत आपल्या वर्तमानपत्रात क्वचितच आलं असेल. त्या दिवशी गुढीपाडवा होता. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास पेटत्या ठिणग्यांची एक ओळ आकाश कापत गेली. गुजरात, मध्य प्रदेश, खानदेश, विदर्भ, सगळीकडून दिसली. गोडधोडाची ताटं तशीच टाकून आमच्या आळीतली माणसं रस्त्यावर आली होती. उल्का सेकंद-दोन सेकंदांत संपते, ही ओळ सावकाश, जवळजवळ आडवी जात राहिली. आवाज नाही, लाल-हिरवे दिवे नाहीत, म्हणजे विमान नाही. मग लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं, परिसरातल्या गावांत गोळे सापडले, आणि जो तो तज्ज्ञ झाला.

पहिल्या रात्रीच्या बातम्यांत उल्का होती, उपग्रह होता, आणि न्यूझीलंडहून उडालेलं इलेक्ट्रॉन रॉकेटही होतं. इलेक्ट्रॉनचं नाव येण्याचं कारण एकच: ते त्याच दिवशी, आपल्या घड्याळाप्रमाणे सहा वाजून गेल्यावर, सुटलं होतं. तारीख जुळली, म्हणून गुन्हेगार तोच. संपादक महोदय, तारखेवरून उपग्रह ओळखणं म्हणजे ओळख नव्हेच. त्या दिवशी आकाशात हजारो वस्तू फिरत होत्या, त्यांतल्या बहुतेकांचा त्या दिवसाच्या उड्डाणाशी काडीचा संबंध नव्हता. अमेरिकेतल्या हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रात तेव्हा असलेले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी वेळ आणि मार्ग ताडून सांगितलं की हा चीनच्या चांग झेंग-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा, फेब्रुवारी २०२१ मध्ये सुटलेला. चौदा महिने लांबट कक्षेत फिरत, दर फेरीत हवेशी थोडा घासत तो खाली येत होता, आणि त्याच सुमारास पडेल असा अंदाजही होता. हे ताडणं शक्य झालं ते लोकांच्या मोबाइलवरच्या व्हिडिओंना आपोआप वेळ लागलेली होती म्हणून. छापील बातम्यांवर विसंबून राहिलं असतं तर ‘सायंकाळच्या सुमारास’ पडलेलं ते कडं आजही लाडबोरीच्या माणसांना उल्काच वाटलं असतं. पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन तुकडे पाहून गेले.

हे सगळं मोठमोठ्या दुर्बिणींचं आणि वेधशाळांचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी केटरिंगच्या शाळेची हकिकत माहीत करून घ्यावी. इंग्लंडमधल्या या गावात जेफ्री पेरी नावाचे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. वर्गातल्या मुलांना घेऊन ते एका साध्या रिसीव्हरवर रशियन उपग्रह ऐकायचे आणि वहीत वेळा लिहायचे. १९६६ मध्ये कॉसमॉस-११२ च्या वेळा त्यांना खटकल्या. हा उपग्रह बैकोनूर या सोव्हिएत संघाच्या माहीत असलेल्या तळावरून सुटला असेल असं गणित बसेना. त्या वर्षी पुढे आणखी उपग्रह तसेच निघाले. त्यांच्या वाटा नकाशावर मागे नेल्या तेव्हा त्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे, रशियाच्या उत्तरेला, प्लेसेत्स्क होतं. सोव्हिएत संघाचा गुप्त उड्डाणतळ एका शाळेने वर्गातून शोधला. मॉस्कोने तो असल्याची जाहीर कबुली दिली १९८३ मध्ये. त्या मुलांकडे आमच्या गावातल्या मुलांपेक्षा जास्त काय होतं? मोबाइल तर नव्हताच. वेळ लिहायला लावणारा मास्तर होता.

आपल्या देशाने सोडलेले उपग्रह आपल्याला का दिसत नाहीत, हा प्रश्न मला शाळांमधून नेहमी येतो. यालाही वेळेतच उत्तर आहे. कार्टोसॅट-२ मालिकेतल्या छायाचित्रं घेणाऱ्या उपग्रहांची कक्षा अशी असते की ते सकाळी साडेनऊच्या सुमारास खालच्या भागावरून जातात, म्हणजे छायाचित्राला ऊन चांगलं मिळतं. बारा तासांनी ते पुन्हा वरून जातात तेव्हा रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि ते पृथ्वीच्या सावलीत बुडालेले असतात. दिवसा उजेडामुळे दिसत नाहीत, रात्री अंधारामुळे.

निसार मात्र वेगळा आहे, आणि माझ्या मागणीचा मुख्य आधार तोच. ३० जुलै २०२५ ला जीएसएलव्ही-एफ१६ ने नेलेला, इस्रो आणि नासा यांचा हा उपग्रह साडेसातशे किलोमीटरच्या आसपास फिरतो, आणि त्याची कक्षा दिवस-रात्रीच्या सीमेवरून जाते: स्थानिक वेळेने सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. रडारचा उपग्रह असल्याने त्याला खाली ऊन असलं काय, नसलं काय, फरक पडत नाही. त्याचा बारा मीटरचा जाळीदार अँटेना ऑगस्टमध्ये उघडला. उन्हाळ्यात आमच्याकडे सहाला लख्ख ऊन असतं, तेव्हा तो शोधणं व्यर्थ. पण डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पावणेसहाच्या आसपास दिवस मावळतो आणि निसार त्यानंतर संधिप्रकाशात येतो, सकाळीही उजाडण्याच्या आधी. शिवाय तो दर बारा दिवसांनी, १७३ फेऱ्या पूर्ण करून, पुन्हा त्याच वाटेवरून जातो. म्हणजे छापण्याजोगं टाइमटेबल आयतं तयार आहे. इतका वक्तशीर पाहुणा आपल्या डोक्यावरून जातो आणि आपण त्याची वेळ छापत नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

असा दुसरा पाहुणा म्हणजे ब्लूबर्ड. २४ डिसेंबर २०२५ ला श्रीहरिकोट्याहून एलव्हीएम-३ ने सुमारे ६१०० किलोचा हा अमेरिकी कंपनीचा उपग्रह नेला. भारताच्या भूमीवरून गेलेला हा तोपर्यंतचा सर्वांत वजनदार. त्याचा अँटेना २२३ चौरस मीटरचा आहे. त्याच कंपनीचा ब्लूवॉकर-३ हा ६४ चौरस मीटरचाच होता, तरी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो उघडल्यावर आकाशातल्या ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला आणि खगोलशास्त्रज्ञांनी डोक्याला हात लावला. त्यांची तक्रार रास्त आहे. दुर्बिणीच्या तासाभराच्या छायाचित्रावर असली एक रेघ उमटली की मेहनत पाण्यात. मला या गोष्टीचा आनंद होतो की राग येतो, हे मी अजून ठरवलेलं नाही. पण आपल्याच किनाऱ्यावरून गेलेली वस्तू आपल्या गच्चीवरून कधी दिसेल, एवढं सांगायला हरकत काय?

माझी मागणी लहान आहे. आपल्या बातमीदारांना सांगावं, की आकाशात काही दिसल्याचा फोन आला तर सरपंचांच्या आधी घड्याळाची चौकशी करा. किती वाजून किती मिनिटांनी दिसलं, कुठून निघून कुठे गेलं, किती वेळ दिसत राहिलं, लुकलुकत होतं की स्थिर होतं आणि कसं संपलं: क्षितिजाला गेलं, ढगात गेलं की मोकळ्या आकाशात विझलं. फोटो असेल तर त्याची मूळ फाइल मागवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली नको, कारण फिरता फिरता काढल्याची वेळ गळून पडते. एवढं झालं की तबकडीची शंका छापायची गरज उरणार नाही. उरलीच तर मग ती बातमी खरोखर मोठी, पहिल्या पानावर घ्या.

आणि उड्डाणाच्या बातमीत दोन गोष्टी वाढवा: सुटण्याची नेमकी वेळ, आणि कक्षेचा कल व उंची. कल वीस-बावीस अंशांपेक्षा कमी असेल तर तो उपग्रह आमच्या डोक्यावरून जाणारच नाही, लोकांना गच्चीवर ताटकळत ठेवू नका. पन्नास-पंचावन्न अंशांचा असेल तर पुढचे काही दिवस पहाटे किंवा संध्याकाळी पाळी येईल, तेव्हा सांगा.

जागा नाही, असं उत्तर येईल हे मला माहीत आहे. पण आपण रोज आठव्या पानावर सूर्योदय, सूर्यास्त, तिथी, नक्षत्र आणि राहुकाळ छापता. त्याच चौकटीत खाली एक ओळ मावते: आज अमुक उपग्रह, अमुक वेळी, अमुक दिशेकडून अमुक दिशेकडे. नागपूर, चंद्रपूर, गोंदिया आणि गडचिरोलीसाठी ही ओळ रोज संध्याकाळी ताज्या आकड्यांवरून काढून पाठवायला मी तयार आहे, मानधन नको. विनंती एवढीच, की पान लावताना ओळ लांब झाली तर माझं नाव काढा, गावाचं नाव काढा, पण वेळेतले सेकंद कापू नका.

आपला,
एक निवृत्त स्टेशन मास्तर
नागभीड, जि. चंद्रपूर